सायलीस पत्र: वर्षभराचं कुंपण

कोल्हापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तिसऱ्या वाक्यालाच तू चिडतेस, म्हणून लिहितेय. तुमचा गेम वर्षभर फक्त आमच्याच कन्सोलवर, म्हणजे आमच्या गेमच्या मशीनवर, ठेवा, त्याचे रोख पैसे देतो, असं त्या कंपनीने विचारलंय. भागीदार हो म्हणतायत आणि तू "ही खेळणाऱ्यांशी गद्दारी आहे" म्हणून अडून बसलीयस. मला गेममधलं कळत नाही हे खरंय, पण करार मी तुझ्या जन्माआधीपासून वाचतेय.

आपल्या फौंड्रीतले पॅटर्न, ओतकामाचे नमुने, तू लहानपणापासून बघतेयस. ज्या पॅटर्नला गिऱ्हाइकाने पैसे घातले तो त्याचा. त्यावर दुसऱ्यासाठी एक नगही ओतायचा नाही, आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. पण आपल्या खर्चाने केलेल्या पॅटर्नचा माल "वर्षभर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही" असं कुणी म्हणालं, तर त्या वर्षाचा भाव मी वेगळा लावते. तुमच्या एक्सक्लुझिव्हच्या, एकाच मशीनवर किंवा दुकानात गेम ठेवण्याच्या, भांडणात मी हेच आधी विचारीन: पैशामुळे गेम जन्माला आला, की तयार गेमला कुंपण घातलं?

'बायोनेटा २' बघ. सेगा कंपनीने तो गेम बाजूला टाकला होता, निन्टेंडोने पैसे घातले आणि २०१४ मध्ये तो फक्त त्यांच्या वी यू कन्सोलवर आला. पहिला भाग प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर खेळलेली मंडळी खवळली. राग समजतो, पण निन्टेंडोने हात दिला नसता तर तो गेम त्यांना बघायलाही मिळाला नसता.

'मेट्रो एक्सोडस'चं उलटं. गेम तयार, स्टीम या ऑनलाइन दुकानात आगाऊ नोंदणी चालू, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बाजारात यायला तीन आठवडेही उरले नसताना स्टीमवरची विक्री थांबवून तो पीसीवर वर्षभरासाठी एपिकच्या दुकानात नेला. आधी नोंदणी केलेल्यांना स्टीमवर मिळाला, तेवढी लाज राखली. बनवणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवं: स्टीम तेव्हा साधारण ३० टक्के कापून घ्यायचं, एपिक १२. शंभरावर अठरा रुपये जास्त हातात पडत असतील तर कुठला धंदेवाला विचार करणार नाही? पण दिलेला शब्द फिरवला की गिऱ्हाईक नाक मुरडणारच.

आता आपल्या ओंकारचं ऐक. 'गॉड ऑफ वॉर' २०१८ ला सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर आला आणि पीसीवर यायला २०२२ चा जानेवारी उजाडला. एवढी वर्षं तो राजारामपुरीतल्या मित्राच्या घरी जाऊन खेळायचा, आणि मित्राच्या आईने जेवायला बसवलं की मला संकोच व्हायचा. सोनीवर माझा राग नाही, स्टुडिओ त्यांचा, पैसा त्यांचा. पण आता त्यांनाही एका मशीनवर भागत नाहीसं दिसतंय. 'हेलडायव्हर्स २' त्यांनी २०२५ मध्ये चक्क मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर नेला.

आणि मोठ्या घरात गेलं की छप्पर पक्कं, असंही नाही. 'हाय-फाय रश'चं केवढं कौतुक झालं, तरी वर्ष-सव्वा वर्षात मायक्रोसॉफ्टने तो बनवणाऱ्या आपल्याच स्टुडिओला कुलूप लावायचं जाहीर केलं. पुढे क्राफ्टन नावाच्या दुसऱ्या कंपनीने तो उचलला म्हणून वाचला.

मला खरं सांगायचंय ते 'राजी' या गेमबद्दल. तो बनवणारी नॉडिंग हेड्स ही पुण्याचीच मंडळी. भावाला शोधत निघालेली मुलगी, दुर्गा, विष्णू, भिंतींवर चितारलेल्या कथा. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला, पीसी आणि बाकी कन्सोलवर ऑक्टोबरात. स्विच भारतात अधिकृतपणे विकायलाच नव्हता! म्हणजे आपल्या देवादिकांचा गेम दोन महिने परदेशातल्यांनी आणि इकडे बाहेरून मशीन मागवणाऱ्यांनी खेळायचा. मी त्यांना दोष देत नाही. स्टीमवर वर्षाला हजारो गेम येतात, त्या गर्दीत नवख्याला कोण विचारतो? मोठ्या कंपनीने आपल्या कार्यक्रमात नाव घेतलं की जगभर पोचता, आणि दोन महिने म्हणजे काही जन्म नव्हे.

पण तुमच्या गेममधले पैलवान कोल्हापुरी बोलतात. ती भाषा ऐकून हसणाऱ्या पोरांकडे काय आहे? जुना पीसी, नाहीतर मोबाईल. म्हणून माझं म्हणणं: पैसे घे, पण कुंपण कन्सोलपुरतंच ठेव. बाकीच्या कन्सोलवर सहा महिने नाही म्हणा, पीसीवर मात्र त्याच दिवशी. नाहीच म्हणाले तर रक्कम वाढवून माग, आणि तेवढ्यात तुमचा दीड वर्षाचा पगार निघत नसेल तर सरळ सोड. पीसीवर देऊ असं आधी कुणाला लिहून दिलंयत का, तेही तपास.

सही करण्याआधी एवढं बघ: मुदत करारापासून मोजणार की गेम आल्यापासून? त्यांनीच तारीख पुढे ढकलली तर? दुसऱ्या भागावर त्यांचा पहिला हक्क लिहिलाय का? पात्रं आणि नाव तुमच्याच मालकीचं राहतंय ना? ॲडव्हान्स किती, आणि गेम चालला नाही तर परत मागणार का? वकिलाची फी मी देते, त्यात काटकसर नको.

तुझी,
आई

ता. क. ओंकारला यातलं अक्षर सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रंकाळ्याला कळेल, आणि गुप्ततेचं कलम तुमच्या करारात असणारच.