चाळ समितीची सूचना: मनाच्या तातडीच्या मदतीबद्दल

सर्व बिऱ्हाडकरूंना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता तळमजल्यावरच्या समितीच्या खोलीत अर्धा तास जमायचं आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी यावं. कॉलेजातल्या मुलांना जरूर पाठवा.

तोवर एवढं फोनमध्ये जपून ठेवा:

– टेलि-मानस: १४४१६. मनाच्या त्रासात फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची मोफत सेवा, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. घरातल्या माणसाची काळजी वाटत असेल तर तुम्हीही फोन करू शकता.

– जीवाला धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

– आपल्याला जवळचं परळचं केईएम रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. ओपीडी सकाळची असते, पण रात्री-अपरात्री प्रसंग आला तर उजाडायची वाट पाहू नका, थेट अपघात विभागात न्या. शीव आणि नायर रुग्णालयांतही हे उपचार होतात.

कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. औषधं, फिनेल, उंदराचं औषध हाताशी ठेवू नका. ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण रुग्णालय टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, त्यामुळे सहसा शिक्षा होत नाही. तेव्हा लपवू नका, आधी उपचार.

चाळीत कुणाबद्दल काही कळलं तर गॅलरीत चर्चा नको, ही हात जोडून विनंती. रात्री सोबत हवी असेल तर आमचं दार वाजवा, कितीही वाजलेले असोत.

– सचिव, चाळ समिती