बाळाची तपासणी झाली, काळजी नको

लीड्स,
12 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

परवा फोनवर पोटातल्या बाळाच्या तपासणीचं सांगितलं तेव्हा आई, तू एकदम गप्पच झालीस, आणि बाबा "सगळं नीट आहे ना" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सगळं नीट आहे. बाळाला थॅलेसेमियाचा, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा तो रक्ताचा आजार नाही. ते आमच्या दोघांसारखंच मायनर आहे, म्हणजे दोष एकाच बाजूनं आलाय, त्याचा त्रास होत नाही. मी खाते-पिते, झोपते, ऑफिसला जाते. पोह्यांवरचं जिरावण संपलंय, बाकी कशाचीही कमी नाही.

आधी का सांगितलं नाही म्हणतेस, तर रिपोर्ट येईपर्यंत तू रात्री जागून काढल्या असत्यास, आणि तुझं बीपी मला इथून सांभाळता आलं नसतं. हितेशच्या आईंनाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला परकं केलं असं मनात आणू नका.

इथे दिवस राहिले की सुरुवातीलाच सगळ्या बायकांना थॅलेसेमियासाठी रक्ततपासणी करून देतात. माझं एचबीए2, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, साडेतीन टक्क्यांच्या वर आलं, म्हणजे मी मायनर. लगेच हितेशला बोलावलं, तर त्याचंही तसंच. आई-वडील दोघंही मायनर असले की चारात एक शक्यता मेजरची, दोन मायनरची आणि एक अगदी निर्दोष बाळाची. हा हिशोब प्रत्येक गरोदरपणी नव्यानं मांडायचा. पहिलं बाळ सुटलं म्हणून दुसरं सुटेलच असं नाही. मेजर म्हणजे काय ते बाबांना वेगळं सांगायला नको. बाबा, एमवाय हॉस्पिटलला रक्तदानाला जाऊन आलात की तुम्ही त्या मुलांबद्दलच बोलायचात. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, तेही जन्मभर, आणि त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला वेगळी औषधं. ते सगळं डोळ्यांसमोर होतं, म्हणून तपासणीला हो म्हणायला आम्हाला वेळ लागला नाही.

आणि मावशी जे म्हणाली, सिंध्यांच्या घरी दिली म्हणून हे निघालं, ते तिला कृपा करून समजावून सांग. सिंधी समाजात मायनर लोक जास्त असतात हे खरं आहे. पण एका बाजूच्या दोषानं मेजर होतच नाही, दोन्हीकडून यावा लागतो. हितेशच्या जनुकातला 619 अक्षरांचा एक तुकडाच गळालेला आहे. माझ्यात एकच अक्षर बदललंय, आणि तो बदल भारतात सगळ्यांत जास्त आढळणारा आहे. तो मला आपल्याच घरातून मिळालाय. मला तर वाचताना आत्या आठवली. सारखं रक्त कमी, सारख्या लोहाच्या गोळ्या, आणि हिमोग्लोबिन कधी दहाच्या वर गेलं नाही. तिची ही तपासणी कोणी केलीच नसेल. हितेशला उगाच बोल लागू नये, एवढंच माझं मागणं आहे. रिपोर्टची वाट बघताना त्याचंही जेवण सुटलं होतं.

तपासणीला इथे सीव्हीएस म्हणतात. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात करतात. पोटावर थोडी जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत सुई वारेपर्यंत नेतात. बाळाला ती लागत नाही. सुई आत होती तेव्हाच पडद्यावर बाळानं पाय झाडला. डॉक्टरीणबाईंनी नंतर काचेच्या बशीतला नमुना दाखवला, पाण्यातल्या पांढऱ्या शेवाळासारखे चार धागे. त्यातलं जनुक आमच्या दोघांच्या रक्ताशी ताडून बघतात. गर्भपाताचा धोका असतो का, हे तू विचारलंस. असतो, पण दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. मला दोन दिवस पोटात थोडं दुखलं, मग थांबलं. हितेशनं स्वयंपाक केला, चांगला केला.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही, ती नीट सांगते. डॉक्टर इथे काय करायचं ते सांगतच नाहीत. आपल्याकडे डॉक्टर म्हणतात, "हे करून घ्या, उद्या उपाशी पोटी या," आणि आपण सुटतो. इथे आधी एक नर्सबाई आमच्याजवळ बसल्या. खोलीत टिश्यूचा डबा, पाण्याचे पेले, टेबलावर माहितीपत्रकं. त्यांनी चारात एकचं चित्र काढलं, तपासणीचा धोका सांगितला, केली नाही तर पुढे काय ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? त्या हसल्या, पण उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, घरी जा, विचार करा, मी उद्या फोन करते. फोन आला, आमचा होकार ऐकला, तरी तपासणीच्या दिवशी टेबलावर झोपल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, "अजून करायचं आहे ना? नको असेल तर आत्ताही नाही म्हणू शकता." मला आधी वाटलं, यांना आपली काळजीच नाही, सगळा भार आपल्यावरच टाकतात. नंतर कळलं की आपल्यावर कोणी दडपण आणू नये, नवऱ्यानंसुद्धा नाही, म्हणून हे चाललेलं असतं. म्हणूनच एकदा हितेशला बाहेर बसवून मला एकटीला विचारलं. हे चांगलं आहे, मला पटतं. तरी त्या दिवशी वाटत होतं की बाबांनी शेजारी बसून "करून टाक गं" म्हणावं.

रिपोर्ट वाईट आला असता तर काय केलं असतं, हे तू विचारलंस आई. ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ते आमच्यातच राहू दे.

बाबांनी कायद्याचं विचारलं. 1994 च्या कायद्यानं आपल्याकडे बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे (महाराष्ट्रात तर 1988 मध्येच तसा कायदा झाला होता), आजार शोधायला नाही. हिमोग्लोबिनचे आजार त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहेत, त्यामुळे हीच तपासणी भारतातही रीतसर होते. इथे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा-मुलगी सांगतात, पण आम्ही विचारणार नाही. कोणी विचारलं तर तसंच सांगा.

आणि लोहाचं टॉनिक पाठवू नकोस गं. माझ्या रक्तपेशीच लहान आहेत, लोह कमी असेलच असं नाही. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघून डॉक्टर म्हणतील तेव्हाच घेईन. डिंकाचे लाडू मात्र कोणी येणार असेल तर पाठव.

आता मंदारचं. देवासच्या मुलीची पत्रिका गुरुजी बघतायत, नाडी बघतायत, बघू देत. पण साखरपुड्याआधी त्याची एचपीएलसी तपासणी करून घ्या, मायनर आहे का ते त्यात कळतं. साधं रक्त द्यायचं असतं. तो माझा सख्खा भाऊ, त्याच्यातही असण्याची शक्यता निम्मी. नॉर्मल आलं तर मुलीकडे विषय काढायलाही नको. मायनर आलं तर तिलाही करायला सांगा, आणि दोघंही मायनर निघाले तरी लग्न मोडायचं नाही, फक्त त्यांना आधी माहीत असावं. आई, लोक काय म्हणतील हे यात आणू नकोस.

लग्न एप्रिलच्या शेवटी ठरतंय म्हणता, तेव्हा माझे दिवस भरत आलेले असतील. साधारण 36 आठवड्यांनंतर विमानात घेत नाहीत. एकुलत्या भावाच्या लग्नात मी नसेन, आणि पहिलटकरीण असून माहेरीही येणार नाही. तू रडत असशील तर मीही इथे रडून घेतलंय, त्यामुळे आता पुरे. तू बाळंतपणाला धावत येऊ नकोस, आधी लग्न नीट पार पाड. जूनमध्ये दोघं या, तिकीट आम्ही काढतो. तपासणीचा वेगळा खर्च काही आला नाही, व्हिसाबरोबर आरोग्याचे पैसे आधीच भरलेले असतात. म्हणून कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी चाळीस हजार बाबांच्या खात्यात टाकलेत. एफडी मोडू नका, आणि पैसे परत पाठवायचं मनातही आणू नका. मला तिथे उभं राहता येत नाही, एवढं तरी करू द्या.

मंदारचा रिपोर्ट आला की फोटो काढून लगेच पाठवा, मी इथल्या नर्सबाईंना दाखवून विचारेन. काकूंना आणि खालच्या आजींना नमस्कार.

तुमची,
मृणाल