बट परत वळली पाहिजे

सांगली, शनिवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पार्लरमध्ये जळलेल्या केसांचे तू पाठवलेले फोटो मोठे करकरून बघितले. उजव्या कानामागची बाजू जास्त गेलीय. बाकीचं तुला वाटतंय तेवढं वाईट नाही. रागाच्या भरात ट्रिमर फिरवू नकोस. आधी हे वाच. फोनवर सांगितलं असतं, पण तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि निम्मं विसरतोस. कागद निदान आरशाला चिकटवता येतो.

तू म्हणालास, केस धुतल्यावर पार्लरमधल्या त्या मुलानं टॉवेलनं खसाखसा पुसले, ड्रायर वरवर फिरवला आणि लगेच स्ट्रेटनर हातात घेतला. चर्र आवाज आला, वाफ निघाली, तर म्हणे ‘सिरमचा धूर आहे’. सिरमचा कुठला रे! स्ट्रेटनरच्या पट्ट्या दोनशे अंशांच्या आसपास तापतात. केसात पाणी असताना त्या दाबल्या की त्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, तिला सुटायला वाट मिळत नाही आणि केसाच्या पोटात बुडबुडे धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते चक्क दिसतात. आपल्याला दिसतो तो खरखरीत, मधूनच तुटणारा केस. हा भाग कुठल्याही मास्कनं किंवा स्पानं भरून येत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंतच नसतो. टोकाला पांढरे ठिपके दिसतायत तिथवर कापायचं आणि मोकळं व्हायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन बोटं छाटलीस तर तीन-चार महिन्यांत भरून निघतील. दोन बोटं म्हणतेय हं, सोल्जर कट नाही.

त्या मुलाचा मला फारसा राग येत नाही. शनिवारची संध्याकाळ, बाहेर बाकावर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि खुर्चीत पाठीवर रुळणाऱ्या दाट कुरळ्या केसांचा मुलगा. असले केस नीट ब्लो ड्राय करायचे, म्हणजे ड्रायरनं ताणत सुकवून सरळ करायचे, तर तासभर खुर्ची अडते. स्ट्रेटनरनं वीस मिनिटांत चकाचक दिसतात. आमच्या धंद्यात हे गणित सगळ्यांना ठाऊक आहे. राग येतो तो त्यानंतरच्या वाक्याचा: ‘तुमचे केस खूप खराब आहेत, केराटिन करून घ्या.’ हे वाक्य केस बघून म्हणत नाहीत, पाकीट बघून म्हणतात. तुझे केस खराब नाहीत, कुरळे आहेत. कुरळ्या केसांत डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरत नाही म्हणून टोकं कोरडी राहतात, एवढंच.

आणि केराटिनचं, म्हणजे औषध लावून गरम पट्टीनं केस सरळ करण्याचं म्हणशील, तर तुझं डोकं, तुझा निर्णय. पण माहिती घेऊन कर. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत गरम पट्टी फिरली की फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घशाला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलाय. गिऱ्हाईक एकदा हुंगतं, आम्ही रोज हुंगणार. माझ्या पुढच्या खोलीला एकच खिडकी आहे, म्हणून मी ते कधी ठेवलंच नाही. विश्रामबागच्या बायका विचारतात, मी त्यांना ‘नाही’ सांगते, त्या दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आता तुझ्या कामाचं. एकांकिकेसाठी केस सरळ, मोकळे हवेत ना? मग स्वतःच्या हातानं करायला शीक. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. केसाचा आकार दोन तऱ्हेच्या बंधांनी धरलेला असतो. कच्चे बंध नुसत्या पाण्यानं सुटतात आणि सुकताना, गार होताना पुन्हा बसतात. केस ज्या आकारात सुकवशील त्या आकारात ते बसतात. पक्के बंध गंधकाचे, ते पाण्याला जुमानत नाहीत. त्यांना सोडवायला रसायन लागतं. ब्लो ड्राय म्हणजे फक्त कच्च्या बंधांचा खेळ. म्हणून पुढच्या वेळी केस धुतलेस की बट आपोआप वळली पाहिजे. वळली तर तू बरोबर केलंस. धुऊनही बट सुतळीसारखी लोंबत राहिली तर समजायचं, उष्णता जास्त झाली. सरळ किती झाले यावर जाऊ नकोस, परत किती वळले ते बघ.

आदल्या रात्री खोबरेल लाव. आजीचं हे बरोबर होतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात. पण ड्रायरच्या आधी तेल नको, केस चिपकू होतात. शाम्पू फक्त टाळूला. कंडिशनर कानाच्या खालच्या केसांना सढळ हातानं, आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढ. टोकापासून सुरुवात करून वर वर जायचं. ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि तेव्हाच तो सगळ्यात कमकुवत असतो. तू वरून खाली ओढतोस ते बंद कर. तुमच्याकडचं टँकरचं पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घे.

पुसायला टॉवेल नको, पंचा घे. चोळायचं नाही, मुठीत धरून दाबायचं. मग थोडा वेळ तसेच सोड. पाणी गळायचं थांबलं, केस गार आणि दमट लागतायत, तेव्हा ड्रायरची वेळ झाली. फार ओले असतील तर नुसता वेळ जातो. पार सुकले तर बट आपल्या आकारात बसलेली असते आणि मग तिला सरळ करायला जास्त उष्णता लागते. हा मधला टप्पा बोटांनाच कळतो, घड्याळाला नाही. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारं क्रीम, याच वेळी, तळहातावर चोळून मधल्या भागापासून टोकांपर्यंत.

केसांचे चार भाग कर: कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, कानापासून कानापर्यंत दुसरा. क्लिपा लाव. मानेजवळून सुरू करायचं, वरचा भाग शेवटी. एका वेळी घ्यायची बट बोटाएवढी जाड. घाई झाली की ती मनगटाएवढी होते, आणि मग वरून कोरडी, आतून ओली राहते. फुगलेले केस बहुतेक वेळा यानंच होतात.

आता खरी मेख. लगेच गोल ब्रश घेऊ नकोस. बटेचं टोक डाव्या हाताच्या बोटांत धर, हलका ताण दे आणि ड्रायर मुळाकडून टोकाकडे उतरव. नोझल, म्हणजे ड्रायरच्या पुढचं चपटं तोंड, लावलेलंच हवं आणि ते कायम खाली. केसावर खवले असतात, त्यांची टोकं खालच्या बाजूला. वारा वरून खाली गेला की ते बसतात आणि चमक येते. खालून वर मारलास की उभे राहतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका त्यांच्या दाट, घट्ट वळणाच्या केसांवर अशीच हातानं ताणून सुकवायची पद्धत वापरतात. ब्रशच्या दातांत केस अडकून तुटतात, ते यात वाचतं. व्हिडिओ बघायचेच तर त्यांचे बघ. ज्यांचे केस मुळात सरळ, त्यांच्याकडून काय शिकणार?

ड्रायर किती लांब धरायचा? कंपासपेटीत १५ सेंटिमीटरची पट्टी असायची ना, तेवढा. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मोजून दाखवलं होतं: १५ सेंटिमीटरवर हवेचं तापमान ४७ अंशांच्या आसपास, पाचवर आणलं की ९५. त्यांना आणखी एक आढळलं, लांबून आणि सतत हलवत ठेवलेला ड्रायर तितका वाईट नाही. नुसते ओले सोडलेले केस फार वेळ पाण्यानं फुगून राहतात, त्यानंही आतून नुकसान होतं. रात्री आंघोळ करून ओल्या केसांनी झोपायची तुझी सवय आठव. हे मी गेली दोन वर्षं ओरडून सांगतेय, आता कोरियाचं तरी ऐक.

बट नव्वद टक्के सुकली की मग ब्रश. मुळाशी गोल ब्रश लावून जरा उचलायचं, नाहीतर केस टाळूला चिकटलेले दिसतात आणि रंगमंचावर डोकं लहान भासतं. टोकाशी ब्रश आतल्या बाजूला वळव. बट गरम असतानाच सोडायची नाही. निळं बटण दाब, त्यानं आतली तार बंद होते आणि नुसता पंखा चालतो. केस हाताला गार लागेपर्यंत धर. आकार बसतो तो गार होताना. बहुतेक पोरं हेच गाळतात आणि मग ‘माझा टिकत नाही’ म्हणतात.

मागचा भाग तुला छळणार. आरशात बघायला जाऊ नकोस, हात उलटसुलट होतात. मागचे केस मधोमध वाटून दोन्ही खांद्यांवरून पुढं घे. कोपर दुखलं की ड्रायर खाली ठेव, पाणी पी. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. आधी दोन-तीन रविवार सराव. आणि आठवड्यातून एकदाच, त्याहून जास्त नाही.

रूमवर ड्रायर आणि किटली एकाच बोर्डावर लावू नका, एमसीबी पडेल. ड्रायरच्या मागची जाळी महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं झाड. तिथं केस आणि धूळ अडकली की वारा कमी होतो, तार जास्त तापते आणि जळका वास येतो. बाथरूममध्ये तर चालवायचाच नाही.

हवेचं मात्र काही करता येत नाही. पावसाळ्यात मी इथं नवरीचे केस कितीही सेट केले तरी ती आयर्विन पुलापर्यंत पोहोचेतो कपाळावरचे वळलेले असतात. दमट हवेतलं पाणीही ते कच्चे बंध सोडवतं. तळहातावर सिरमचे दोन थेंब, बाहेरून अलगद, बास. रात्री डोक्यावर उंच, सैल अंबाडा घाल आणि उशीला रेशमी अभ्रा. माझ्या जुन्या साडीचा एक शिवून ठेवलाय.

मामाचं मनावर घेऊ नकोस. भाऊबीजेला तो पुन्हा ‘जटा’ म्हणेल, म्हणू दे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच सांगलीत. बालगंधर्वांचं नागठाणं आपल्याच जिल्ह्यात. पुरुषाच्या अंगावर शालू आणि डोक्यावर खोपा बघायला आपल्या पणज्यांनी तिकिटं काढली, आणि ह्याला भाच्याचे खरे केस खुपतात! बाबा काही बोलत नाहीत, पण परवा शेजाऱ्यांना तुझा तालमीचा फोटो दाखवत होते. केस मोकळे सोडलेला.

उद्याच्या गाडीनं पार्सल ठेवतेय, स्वारगेटला जाऊन उतरवून घे. क्लिपा, मोठ्या दातांचा कंगवा, पंचा, अभ्रा आणि माझा जुना ड्रायर आहे. त्याची वायर बदलून घेतलीय, घाबरू नकोस. वर भडंगाची पिशवी आहे. भडंग सगळ्यांना दे, कंगवा कुणालाही देऊ नकोस. पहिल्यांदा करशील तेव्हा ब्लो ड्रायचा फोटो नको पाठवूस, त्यानंतर केस धुतल्यावरचा पाठव.

तुझी,
आई