सातबारा वाचला, फेरफार राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉमिक्सच्या किमतींवर लेख आला होता. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो १९३८ सालचा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, छापील किंमत १० सेंट, २०२४ मध्ये अमेरिकेत लिलावात ६० लाख डॉलरला गेला. म्हणजे आपले पन्नास कोटी. आमच्या देवपुरातल्या चहाच्या टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. लेखकानं या किमतीचं कारण एका वाक्यात उरकलं, की अंकाला दहापैकी ८.५ गुण होते. खरं आहे, पण अर्धंच. त्या अंकाच्या लेबलवर गुणांबरोबर ‘कॅन्सस सिटी’ असंही छापलेलं होतं. त्याबद्दल लेखात अक्षर नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्याबद्दलच आहे.

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. जमिनीची प्रतबंदी असते, सोळा आणे, बारा आणे, आठ आणे. कॉमिक्सचे गुण म्हणजे ही प्रतबंदी. घडी पडली का, कोपरा झिजला का, पानं पांढरी आहेत की पिवळी पडली, हे बघून आकडा ठरतो. २००० साली सुरू झालेली सीजीसी नावाची अमेरिकन कंपनी हे काम करते आणि अंक टणक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून देते. (मग तो वाचायचा कसा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. असो.) पण नुसत्या प्रतीवर जमीन कोणी घेतो का? आधी सातबारा बघतात, त्यावरून आज मालक कोण ते कळतं. आणि ज्याला खरंच पैसे टाकायचे असतात तो फेरफार मागतो, गाव नमुना ६. ही जमीन याच्याकडे आली कशी, वारसानं की खरेदीनं की आणखी कशी, ते तिथं असतं. कॉमिक्सचाही फेरफार असतो. कोणी घेतलं, कुठल्या दुकानातून, मग कोणाकडे गेलं. ही साखळी जुळली की अंकाचं वजन वाढतं.

याच्याही वर एक पायरी आहे, तिला तिकडे पेडिग्री म्हणतात. नंदुरबार जिल्हा १९९८ ला वेगळा झाला, त्याच्या आधी मी शहादा तालुक्यात होतो आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा चुकवत नसे. तिथं घोडा घेणारा आधी दात बघतो, भोवरे बघतो, चाल काढून घेतो. सगळं पटल्यावर हळूच विचारतो, कोणाच्या घोडीचं? बाप कोण? उत्तर ऐकून कधी कधी भाव तिथल्या तिथं दुप्पट व्हायचा, आणि कधी गिऱ्हाईक उपरणं झटकून चालायला लागायचं. कॉमिक्सचा ‘बाप’ म्हणजे ज्यानं अंक निघाल्या निघाल्या, नवा कोरा, स्वतः दुकानातून घेतला आणि वर्षानुवर्षं जपला तो माणूस. अशा एकाच माणसाचा मोठा, जुना आणि चांगल्या अवस्थेतला संग्रह असेल तरच त्याला नाव मिळतं. सुपरमॅनच्या त्या अंकावरचं ‘कॅन्सस सिटी’ हे असंच एका संग्रहाचं नाव. लिलावात वीस ठिकाणांहून गोळा केलेला गठ्ठा कितीही देखणा असला तरी त्याला हे नाव लागत नाही.

सगळ्यात गाजलेलं नाव एडगर चर्च यांचं. कोलोरॅडोत टेलिफोन कंपनीसाठी जाहिरातींची चित्रं काढणारा हा माणूस. त्याच्या घरातले अंक १९७७ साली चक रोझान्स्की या तरुण दुकानदारानं घेतले. १८ हजारांच्या वर होते, आणि बहुतेक काल छापल्यासारखे. त्याला ‘माइल हाय’ संग्रह म्हणतात. तिथली हवा कोरडी, अंक एकावर एक घट्ट रचलेले, उजेड नाही, वारं नाही, म्हणून पानं पांढरी राहिली. हे वाचलं तेव्हा मला साक्री तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर आठवलं. बाहेर पंचेचाळीस अंशांचा फुफाटा, आत हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि भर दुपारी अंधार. अण्णांची लोखंडी पेटी तिथंच होती.

अण्णा माझे थोरले भाऊ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली निघालं, तेव्हा किंमत ६० पैसे होती. अण्णा शिकायला धुळ्याला आले आणि १९६८ पासून मराठी अंक घ्यायला लागले, बस स्टँडवरच्या एकाच स्टॉलवरून. वेताळ (म्हणजे मुखवटेवाला फँटम), जादूगार मँड्रेक, जे येईल ते. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईनं आपली आद्याक्षरं, खाली ‘धुळे स्टँड’, आणि तारीख. कारकुनी आमच्या घरात रक्तातच असावी. १९७६ ला इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांचा बहादूर हा नवा नायक आला त्याच सुमारास अण्णांना नोकरी लागली आणि खरेदी थांबली. एकूण २१२ अंक. मायनं पेटीत अंकांच्या मध्ये कडुनिंबाचा पाला घातला, जसा ती ज्वारीच्या कणगीत घालायची. एकदा चुलीला कागद हवा म्हणून मी पेटी उघडली तर मला म्हणाली, “मन्हा पोऱ्यानं नाव शे वर.” एवढंच. मी झाकण लावलं. अमेरिकेत ‘सॅन फ्रान्सिस्को’ नावाचा एक संग्रह आहे. तो दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या टॉम रायली या तरुण नौसैनिकाचा, आणि त्याच्या आईवडिलांनी तो जपला. आमचे अण्णा देवाच्या दयेनं ठणठणीत आहेत, तरी तो मजकूर वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माय आली.

आता माझी चूक सांगतो. २०१६ साली मोठ्या शहरातून जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी आला. सगळेच अंक मागत होता. मी ४३ दिले, पन्नास रुपयांना एक. कोणते दिले याची यादीसुद्धा केली नाही. तीस वर्षं लोकांना “नोंद करून घ्या” म्हणत फिरलेला माणूस मी! जाताना तो म्हणाला, “काका, हे नाव नसतं ना, तर दुप्पट दिले असते.” मला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त लाज वाटते.

दोन वर्षांनी पुतण्यानं मोबाईलवर विक्रीला लावलेला एक वेताळचा अंक दाखवला. किंमत २,८०० रुपये. वर्णनात लिहिलं होतं, ‘मुंबईतील एका जुन्या संग्राहकाच्या कपाटातून’. उजवा कोपरा जरा जास्तच पांढरा दिसत होता. आतल्या पानांचे फोटो होते ते मी मोठे करून बघितले. एका पानाच्या समासात कडुनिंबाच्या पानाचा तांबूस ठसा, दातऱ्यांसकट. शाई पुसता आली, पाला पुसता आला नाही. शिवाय मधल्या दोन पिना चकचकीत. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पन्नास वर्षं काढलेल्या अंकाची पिन गंजते आणि भोवती कागदावर तपकिरी डाग धरते. मी पंचनामे पुष्कळ केले आहेत. हा अंक मुंबईच्या कपाटात वाढलेला नव्हता.

आमच्या दप्तरात चुकीचा शब्द काट मारून दुरुस्त करायचा आणि शेजारी सही करायची, असा दंडक होता. खरवडून काढलेलं अक्षर दिसलं की साहेब आधी तिथंच बोट ठेवायचे. अमेरिकेतही, उडालेल्या रंगावर रंग लावला किंवा कडा कातरल्या तर लेबल निळ्याऐवजी जांभळं येतं, म्हणजे डागडुजी केलेला माल, आणि किंमत बरीच उतरते. उलट दुकानदारानं कव्हरवर टाकलेली बारीक तारीख असेल तर फारसं बिघडत नाही. चर्च यांच्या अंकांवर तर पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि त्यांच्यावरूनच तो अंक त्यांचा, हे ओळखतात. नेब्रास्का राज्यातल्या लॅमॉन्ट लार्सन या मुलाचं आडनाव दुकानात त्याच्यासाठी बाजूला ठेवलेल्या अंकांच्या कव्हरवरच लिहिलेलं असायचं. ते अंक अगदी कोरे नाहीत. तरी ‘लार्सन’ हा मान्यताप्राप्त संग्रह आहे, आणि त्याचा अंक घेणारा ते आडनाव कुठे दिसतंय हेच आधी शोधतो. आमच्या व्यापाऱ्यानं दुप्पट भावासाठी जे पुसलं ते हे.

नाव सगळ्याच अंकांचं वजन वाढवतं असं मी म्हणत नाही. मी आठ वर्षांचा असताना एका वेताळाच्या मुखवट्याखाली मिशा काढल्या होत्या, त्याला कोणी मान्यता देणार नाही. आणि कोपऱ्यात नाव आजही कोणी लिहू शकतो. निळी शाई बाजारात मिळते. म्हणून तर गठ्ठा महत्त्वाचा. एका अंकावरची सही खोटी असू शकते. पण आठ वर्षांचे ओळीनं लागलेले अंक, तेच अक्षर वयाबरोबर बदलत गेलेलं (अण्णांचा ‘ध’ १९७१ नंतर गाठ मारायला लागला), तोच स्टॉल, पानांचा तोच रंग, तोच पाला, हे सगळं एकत्र कोण बनवणार? गठ्ठा फुटला की प्रत्येक अंक एकटा पडतो, आणि एकट्या अंकाच्या तोंडी विकणारा काय वाटेल ती वंशावळ घालू शकतो. कपाट मुंबईचं, नाहीतर एखाद्या संस्थानिकाचं. उलटतपासणी घ्यायला साक्षीदारच उरत नाही.

आपल्या लेखाच्या शेवटी वाचकांना सल्ला दिला आहे की माळ्यावरची रद्दी तपासा, अंक स्वच्छ करा, नावं-शिक्के काढून टाका आणि सुटे विका. कृपया हा सल्ला मागे घ्यावा. खानदेशात अजून कितीतरी घरांत इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा पेट्यांमधून पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते निघतात आणि तराजूवर जातात. विकायला माझी हरकत नाही, पैसा कोणाला नको आहे? पण पेटी उघडल्यावर आधी आहे त्या क्रमानं फोटो काढा. कोणी घेतले, कुठून घेतले, पेटी कुठं होती, हे घरात ज्याला आठवतं आहे त्याच्याकडून आजच लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या, तारीख टाका. गठ्ठा फोडायचाच असेल तर यादी ठेवा आणि प्रत्येक अंकाबरोबर त्या कागदाची एक प्रत द्या. फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्या धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्यांच्या नावानं ते आहे ते इतिहासाचार्य मोडी कागदांसाठी गावोगाव हिंडले. कोणाच्या दप्तरात कोणता कागद मिळाला हे हरवलं, तर त्या कागदाचं काय उरतं, हे धुळेकरांना मी वेगळं सांगायला नको.

मी उरलेल्या १६९ अंकांचं रजिस्टर केलं आहे. रकाने आठ. अण्णा आता ७४ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात दोन दिवस त्यांच्याकडे बसून मी त्यांचा जबाब घेतला. स्टॉलवाल्याचं नाव त्यांना आठवेना, पण तो अंक वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा आणि सुटे नसले की गोळ्या द्यायचा, हे आठवलं. तेही लिहिलं. ४३ गेले ते कोणते, हे त्यांनाच विचारून, मधल्या रिकाम्या तारखांवरून ठरवलं. १९७० च्या पावसाळ्यातले सलग नऊ अंक त्यात गेले आहेत.

ते कोणाकडे असतील तर परत मागत नाही. फक्त पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत ‘धुळे स्टँड’ अजून शिल्लक असेल, तर तेवढं राहू द्यावं.

आपला,
एक निवृत्त तलाठी
देवपूर, धुळे