तपकिरीची पुडी कुणाची?

गुहागर, खालचा पाट
रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आधी कबुली देऊन टाकते. घराची किल्ली मी 'आगर शिंपायला गडी लावायचाय' म्हणून मागून घेतली होती. ते खरं होतं, पण अर्धंच. शुक्रवारपासून आज दुपारपर्यंत आपल्या घरात 26 माणसं राहून गेली. सगळी ओरिगामीवाली, म्हणजे कागदाच्या घड्या घालून वस्तू करणारी. बाबांच्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय. तीही घडीच, पण आत्ता ती नको.

कप एक फुटला. आईच्या आवडीचा नव्हे, तो कान तुटलेला. बाकी घर होतं तसं आहे, उलट तीन दिवस ओटीवर दिवा लागला म्हणून पाटावरची माणसं थांबून चौकशी करत होती. बायका माजघरात झोपल्या, पुरुष पडवीत. पोफळीच्या खराट्याने खळं झाडून घेतलं आणि तिथेच सतरंज्या टाकून आमचे वर्ग भरले.

पहिल्या रात्री फजिती झाली. सगळ्यांनी आपापले कागद मोठ्या हौसेने बाहेर काढून ठेवले आणि सकाळी बघतो तर समुद्राच्या हवेने ते भाकरीच्या पदरासारखे लुळे पडलेले. घडी घालावी तर ती हळूहळू उघडते. नाशिकच्या एकीने दोन करकोचे एकाच कागदातून, पंखाला पंख चिकटलेले, असे करायला घेतले होते. त्यात कागदाला चिरा देऊन त्याचे भाग पाडायचे असतात आणि मधला सांधा केवळ सुईच्या टोकाएवढा राखायचा असतो. नेमका तोच ओलसर सांधा फाटला. तिसऱ्या वेळी जमलं. असे जोडकरकोचे शिकवणारं पुस्तक जपानात 1797 साली छापलं गेलंय, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा! पाटावरच्या पोरांनी मात्र करकोच्याला एका मिनिटात बगळा करून टाकलं. शेतात तोच दिसतो, तर त्यांचं काय चुकलं?

मग मला आईचे पापड आठवले. सगळे कागद उचलले आणि चुलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवले. दुपारपर्यंत कडक. धुराचा वास लागला तो लागलाच. पुण्याची मंडळी म्हणाली, घरी गेल्यावर घड्या उघडून वास घेऊ.

बाबा, तुमचा प्रश्न मला पाठ आहे. 'याचा उपयोग काय?' मी सातवीत असताना बिलबुकाची पानं फाडून बेडूक केले, तेव्हापासून तो ऐकतेय. या वेळी उत्तर आणलंय. कोऱ्यो मिउरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने एक घडी शोधून काढली, तिरक्या चौकटींची. तशा घडीचा नकाशा एकाने आणला होता: दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढले की अख्खा उघडतो, ढकलले की मिटतो. एसटीच्या सीटवर बसून नकाशा मिटताना होणारी मारामारी नाही. 1995 साली जपानने अवकाशात सोडलेल्या एका यानावर सौर पॅनेल याच घडीने मिटवून नेलं होतं. झालं समाधान? खरं सांगू, मला स्वतःला बेडूकच जास्त आवडतो.

आणखी एका माणसाबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. अकिरा योशिझावा. आज जगभरच्या ओरिगामीच्या पुस्तकांत ज्या तुटक रेघा आणि बाण असतात, ती पद्धत मुळात त्यांची. जाड कागद ओलसर करून घडवायचा आणि सुकला की तो मूर्तीसारखा ताठ राहतो, हेही त्यांचंच. (आमच्यावर ती ओली घडी गुहागरच्या हवेने फुकटात लादली.) या माणसाने कारखान्यातली नोकरी सोडली आणि बरीच वर्षं दारोदार फिरून त्सुकुदानी विकली. त्सुकुदानी म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेली बारीक मासळी नि समुद्री शेवाळ. आपल्या सुकटीच्या चटणीची लांबची मावशी समजा. दिवसा विक्री, उरलेल्या वेळात कागद. मी हे सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपलं दुकान होतं: आढ्याला टांगलेलं दोऱ्याचं रीळ, रद्दीचा गठ्ठा आणि गिऱ्हाईकाशी बोलता बोलता खाली न बघता पुडी बांधणारे तुमचे हात.

म्हणून शनिवारी रात्री माझी पाळी आली तेव्हा मी पुडीच शिकवली.

रात्रीच्या बैठकीचा नेम असा होता की प्रत्येकाने आपण केलेली एक वस्तू मधे ठेवायची आणि आपली पहिली घडी कुठली ते सांगायचं. बहुतेकांची होडीच निघाली. मग साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी, बंबहोडी, कुणाकडे कशाला काय म्हणतात यावर अर्धा तास वाद. एक निवृत्त कंडक्टर काका होते, त्यांनी जुन्या तिकिटांच्या उरलेल्या चिटोऱ्यांचे इवले शर्ट करून आणले होते. आता मशिनमधून निघणारं तिकीट गुळगुळीत, त्याला घडी धरत नाही म्हणाले. साताऱ्याच्या एक बाई नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात बसून औषधांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांचे सोनोबे नावाच्या घडीचे सुटे भाग करत. 30 भाग एकमेकांत खोचले की गोंदाशिवाय काटेरी चेंडू होतो. एकोणतीस झाले आणि डिस्चार्ज मिळाला. तिसावा त्यांनी घरी जाऊन वाण्याच्या बिलाचा केला. तो चेंडू आम्ही हातोहात फिरवला. तिसावा भाग कुठला ते लगेच कळत होतं.

तर माझी पुडी. मी ऐटीत सांगितलं, 'ही माझ्या बाबांची तपकिरीची पुडी, दोऱ्याशिवायची.' चौकोनी कागद, तिरका दुमडून त्रिकोण, डावं टोक उजव्या कडेवर, उजवं डाव्या, वरची टोकं खाली आणून खाचेत खोचायची. दोन-तीन जण लगेच म्हणाले, 'अहो, हा तर आपला पेला!' बरोबर, ओरिगामीत नवख्याला शिकवतात तो कागदाचा पेलाच, फक्त तोंड मिटलेला. चिपळूणचे गणिताचे मास्तर होते, त्यांनी पुडी उलगडून रेघा मोजल्या. चपट्या घडीत जिथे रेघा एकत्र येतात तिथे वर आलेल्या आणि आत गेलेल्या घड्यांमध्ये फरक नेहमी दोनाचाच असतो, असा जून माएकावा या जपानी ओरिगामीकाराचा नियम आहे. आपल्या पुडीत तीन आणि एक. मास्तर खूश. मी त्यांच्याहून खूश.

मग तपकीर नव्हती म्हणून पुडीत हळद भरली, हलवून दाखवली आणि कोपऱ्यातून ती सगळी माझ्या पांढऱ्या कुडत्यावर.

पलीकडच्या माई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. आत आल्या, माझ्या हातातला कागद काढून घेतला. टोक खोचण्याआधी त्यांनी वरच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक पट्टी दुमडली, अंगठ्याच्या नखाने दाबली, मग खोचलं. आपटली तरी कण सांडेना. मी म्हटलं, 'बाबांनी शिकवलं?' तर म्हणाल्या, 'अगो, बाबांची कुठली ती! तुझ्या आईनं मला शिकवलंन. रात्री जेवणं झाली की पाटावर बसून ती शंभर-शंभर पुड्या करून ठेवायची, आणि तुझे बाबा दुसऱ्या दिवशी नुसते भरायचे.'

आई, हे मला माहीत नव्हतं. रात्री माजघरात कागदाची खसखस ऐकू यायची ती मला आठवते. मला वाटायचं तू हिशेब करतेस. बाबा, तुम्ही भरत होतात आणि दोरा बांधत होतात, मोठ्या पुड्या तुमच्याच, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण 25 माणसांसमोर मी चुकीचं नाव सांगितलं आणि त्यातल्या निम्म्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं. सकाळी एकेकाला गाठून खोडायला लावलं.

आमच्यात याला फार महत्त्व आहे. घडीचं चित्र काढलं की खाली 'रचना' म्हणून नाव लिहितात. कुणाची ते ठाऊक नसेल तर 'पारंपरिक'. पेला पारंपरिकच आहे. पण ती बारीक पट्टी? आई, ती तू शोधलीस की आजोळी कुणी करत होतं? खरं सांग. 'त्यात काय एवढं' असं उत्तर चालणार नाही.

सोबत मी काढलेलं चित्र आहे, बाणांसकट, आणि चौकोनी कापलेले दहा कागद. पट्टी किती रुंद ते मला नीट कळलेलं नाही, माईंचं पेर माझ्या पेरापेक्षा जाड आहे. तेव्हा दोन पुड्या करून पाठव. बाबांच्या हाताला कंप आहे तरी दाबायला त्यांना दे, अंगठा अजून भक्कम आहे. चित्राखाली 'रचना' लिहून पुढे जागा मोकळी ठेवली आहे.

पंपाचा वॉशर बदलला, 150 रुपये झाले. सुपारी पुढच्या आठवड्यात उतरवून घेते. मोहोर यंदा बरा आहे. दादा-वहिनीला नमस्कार, आणि कपाचं दादाला सांगू नका.

तुमची,
बेबी

ता. क. कुडत्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल झालाय. काय करू?