माणूस ओळखू येईल असं सांगणं

धंतोली, नागपूर
रविवार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सातवीच्या मुलांना माणसाचं वर्णन इंग्रजीत शिकवायचं आहे आणि ‘टॉल-शॉर्ट, फॅट-थिन’ अशा जोड्या पाठ करून घेण्यापलीकडे काही सुचत नाही, असं तू लिहिलंस. माझ्या संध्याकाळच्या वर्गात मोठी माणसं येतात, पण या विषयाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

सुरुवात शब्दांपासून करू नको, प्रश्नापासून कर. आपण मराठीत ‘तो कसा आहे?’ एवढंच विचारतो. त्यावर कोणी सांगतं उंच आहे, कोणी म्हणतं तापट आहे, तर कोणी म्हणतं, आता बरा आहे, ताप उतरला. इंग्रजीत हे तीन वेगळे प्रश्न होतात. दिसायला कसा आहे, तर ‘व्हॉट डज ही लुक लाइक’. स्वभावाने कसा आहे, तर ‘व्हॉट इज ही लाइक’. आणि तब्येत विचारायची असेल तर ‘हाउ इज ही’. मुलांना हे एकदा पक्कं समजलं की पुढचं सोपं जातं, कारण आपल्याला नेमकं कशाचं उत्तर द्यायचं आहे हे त्यांना कळलेलं असतं.

मग वाक्याची बांधणी. आपण सगळं नामाच्या आधी रचत जातो: लांब केसांची, हिरव्या साडीतली, हातात पिशवी असलेली उंच बाई. इंग्रजीत ‘बाई’च्या आधी दोन-तीन विशेषणं येतात आणि उरलेलं तिच्या मागून जातं: ‘अ टॉल, मिडल-एज्ड वुमन विथ लाँग हेअर, इन अ ग्रीन सारी’. शरीराचं जे काही असेल, म्हणजे केस, दाढी, गालावरचा तीळ, त्याला ‘विथ’. अंगावरच्या कपड्यांना ‘इन’. हे दोन छोटे शब्द हाताशी आले की ज्याच्याकडे मोजकेच शब्द आहेत तोही ठसठशीत वर्णन करतो. विशेषणांचा क्रमही सांग. आधी आकारमान, मग वय, मग रंग. ‘टॉल ओल्ड मॅन’ म्हणतात, उलटं कानाला खटकतं. आणि डोक्यावर कितीही केस असले तरी ‘हेअर’च, ‘हेअर्स’ नव्हे.

सरावासाठी मी गाडगेबाबांचं चित्र लावतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातले, प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेले, त्यामुळे कोणी बिचकत नाही. पिकलेली दाढी, ठिगळांचा अंगरखा, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. ‘अ लीन ओल्ड मॅन विथ अ ग्रे बिअर्ड, इन पॅच्ड क्लोद्ज, विथ अ ब्रूम इन हिज हँड.’ रुग्णालयात आया म्हणून काम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे येतात. हे वाक्य त्यांनी स्वतः जुळवून म्हटलं, तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, दिलीप. कवडीला काय म्हणायचं यावर मग बराच वेळ गेला. ‘काउरी शेल’ हा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता, आता मात्र तो कोणी विसरणार नाही.

आता नाजूक भाग. बारीक माणसाला ‘स्लिम’ म्हटलं तर त्याला बरं वाटतं, ‘थिन’ साधं आहे, ‘स्किनी’ म्हटलं तर तो दुखावतो. ‘लुकड्या’ आणि ‘सडपातळ’ यांत जे अंतर, तेच हे. जाड माणसाला तोंडावर ‘फॅट’ म्हणू नये. भरीव बांध्याच्या बुटक्या माणसाला ‘स्टॉकी’ म्हणावं, गुबगुबीत बाळाला ‘चबी’. आपल्याकडे जाड माणसाला सर्रास ‘हेल्दी’ म्हणतात, पण इंग्रजी माणूस त्याचा अर्थ निरोगी असाच घेईल. डोळ्यांचंही बघ. आपले डोळे काळे, इंग्रजीत मात्र ते ‘डार्क ब्राउन’. ‘ब्लॅक आय’ म्हणजे ठोसा लागून काळानिळा झालेला डोळा.

रंगाचं तर मला मनापासून वाटतं, तो सगळ्यात शेवटी शिकव. गोरा म्हणजे ‘फेअर’ हे मुलांना आधीच माहीत असतं, जाहिरातींनी शिकवलेलं असतं. त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 2020 मध्ये ‘फेअर’ गेलं, पण लग्नाच्या जाहिरातींतून कुठे गेलं? ‘व्हीटिश’, म्हणजे गव्हाळ, हाही आपल्या इकडचाच शब्द, लंडनमध्ये बहुतेकांना तो कळणार नाही. आणि एक कळकळीची विनंती. वर्गातल्या कोणत्याही पोराला पुढे उभं करून ‘याचं वर्णन करा’ असं सांगू नको. बाकीचे त्याचा रंग, त्याचे दात, त्याची उंची मोजतात, आणि ते त्याच्या मनात आयुष्यभर राहतं. चित्रं वापर.

वर्णन कशाला करायचं, हे मात्र मुलांना नक्की सांग. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण दीक्षाभूमीवर गेलो होतो, ते आठव. हरवलेल्या माणसांची नावं लाऊडस्पीकरवरून सारखी पुकारत होते. तिथे ‘पांढऱ्या साडीतली आजी’ म्हणून काय उपयोग? लाखोंच्या गर्दीत जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या साड्या. तिथे सांगावं लागतं की वय सत्तरीचं, पाठीत किंचित वाक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गर्दी बदलली की सांगायची खूणही बदलते. बर्डीवर मॉलमध्ये पहारा करणारा एक मुलगा माझ्या वर्गात आहे, त्याला हे मी सांगायच्या आधीच माहीत होतं. तो म्हणाला, सर, लेकरू हरवलं की आम्ही पहिले कपडे विचारतो, मग वय, नाकडोळे त्याच्यानंतर. सत्तरीची म्हणजे ‘इन हर सेव्हन्टीज’, नेमकं वय माहीत नसलं तरी चालतं. हा तुकडा मुलांना फार आवडेल.

म्हणून माझ्या वर्गात ‘ब्यूटिफुल’ आणि ‘हँडसम’ हे शब्द मी बरेच दिवस वापरू देत नाही. ऐकणाऱ्याला त्यावरून कोणी सापडत नाही.

एक काम कर. तुझ्या शाळेतली पोरं घरी झाडीबोली नाहीतर पोवारी बोलतात. माणसाच्या दिसण्याचे त्यांच्या बोलीतले शब्द आधी फळ्यावर लिहून घे आणि त्यातून इंग्रजीकडे ने. ते शब्द मलाही लिहून पाठव, अगदी शिव्यांच्या जवळचे असले तरी. माझ्याकडे भंडाऱ्याच्या दोन बाया येतात, त्यांच्यासाठी हवे आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दिवाळीत नागपूरला येणार असशील तर आधी कळव, गाडगेबाबांचं मोठं चित्र तुझ्या वर्गासाठी इतवारीतून आणून ठेवतो.

तुझा,
सुधाकर