‘डम्बो’ दाखवा, पण सोबत बसून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना दाखवायच्या जुन्या कार्टून सिनेमांची यादी वाचली. यादी चांगलीये, पण सिनेमा लावून द्या आणि निवांत व्हा असा जो सूर आहे तो मला अजिबात पटला नाही.

डिस्नेचा ‘डम्बो’च घ्या, मोठ्या कानांनी उडणाऱ्या हत्तीच्या पिल्लाचा, १९४१ चा. भर पावसात रात्री सर्कशीचा तंबू उभारतात तो सीन नीट बघा. राबणारे सगळे काळे मजूर आणि त्यांना चेहराच काढलेला नाही, ना डोळे ना नाक, आणि गाणं काय तर आम्ही लिहा-वाचायला शिकलो नाही, मरेस्तोवर राबतो, पगार मिळाला की उधळून टाकतो आणि तरी मजेत असतो. त्याच सिनेमात हत्तिणींना मात्र डोळे, पापण्या, नाक मुरडणं सगळं आहे! पुढे कावळे येतात, त्यांच्या म्होरक्याचं नाव स्टुडिओत ठेवलं होतं जिम क्रो, म्हणजे अमेरिकेत काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या कायद्यांना जे नाव होतं तेच, आणि त्याला आवाज काळ्यांच्या बोलण्याची नक्कल करणाऱ्या क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाचा. कावळेच डम्बोला उडायला मदत करतात हे खरं, म्हणून तर मुलांना ते आवडतात आणि ती नक्कल पण तशीच डोक्यात बसते.

लोक म्हणतात तो काळच तसा होता. अहो, १९४६ मध्ये गोऱ्यांच्या मळ्यावर काळे मजूर मजेत दाखवणारा डिस्नेचाच ‘साँग ऑफ द साउथ’ आला तेव्हा एनएएसीपी या काळ्यांच्या संघटनेने तेव्हाच निषेध केला होता, म्हणजे ज्यांच्यावर बेतलं होतं त्यांना तेव्हाही ते खुपत होतंच. आणि ‘अलादीन’ तर १९९२ चा, त्यात सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशात चेहरा आवडला नाही तर कान कापतात अशी ओळ होती, अरब-अमेरिकन लोकांनी आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओत बदलली पण त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला.

कापून टाका असं मी म्हणत नाही. डिस्नेच्याच ‘फँटेझिया’तली, अर्धं अंग घोडीचं असलेल्या गोऱ्या मुलींचे खूर साफ करणारी काळी मुलगी नंतर गुपचूप काढून टाकली, आता मुलं त्याबद्दल विचारणार तरी कशी? डिस्नेने २०२० मध्ये आपल्या ऑनलाइन सेवेवर अशा सिनेमाआधी ‘यात काही लोकांचं चुकीचं चित्रण आहे’ अशी सूचना दाखवायला सुरुवात केली होती ते बरंच झालं, पण पाच वर्षांचं पोर असली सूचना वाचणार आहे का?

तेव्हा पुढची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावाखाली साल आणि कुठल्या सीनला आईबाबांनी सोबत बसावं एवढं दोन ओळीत द्या, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे